दोन वाजता म्हणजे आठ वाजता

चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद. केनियातल्या मोंबासाहून किनाऱ्याकिनाऱ्याने टांझानियातल्या दारेसलामपर्यंत रस्त्याने जाण्याचा तुझा बेत वाचला आणि विमानाचा सोपा मार्ग सोडल्याबद्दल मनोमन शाबासकी दिली. मात्र बेतात सरहद्दीसाठी तू अर्धा तास धरला आहेस, तो आधी खोडून टाक. त्या दिवशी सरहद्द ओलांडून पलीकडचे टांगा शहर गाठणे एवढेच काम ठेव.

कागदांपासून सुरुवात कर. ‘पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा’ हे नाव ऐकून माणसे फसतात, कारण तो केनिया, युगांडा आणि रवांडा या तीनच देशांत चालतो. टांझानियाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घे आणि तिच्या प्रमाणपत्राचे पिवळे पुस्तक पासपोर्टजवळ ठेव. केनियातून येणाऱ्याकडे टांझानियात ते मागतात, आणि परतल्यावर आपल्याकडच्या विमानतळावरही मागतात. ते नसेल तर विलगीकरणात राहावे लागते. एप्रिल-मे टाळ. त्या महिन्यांत तिकडे ‘मसिका’ म्हणजे मोठा पाऊस असतो आणि आडरस्त्यांवर नुसता चिखल होतो.

आता माझी फजिती सांगते, कारण ती कुठल्याही मार्गदर्शिकेपेक्षा तुझ्या अधिक उपयोगी पडेल. बसच्या तिकीटखिडकीवरच्या माणसाने ‘सा म्बिली’ असे सांगितले. म्बिली म्हणजे दोन, एवढे स्वाहिली मी पाठ करून गेले होते, म्हणून ऐटीत दुपारी दीड वाजता थांब्यावर हजर झाले. बस सकाळी आठलाच गेली होती! स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक आणि आठ म्हणजे दोन. चूक सर्वस्वी माझी होती. त्या माणसाने मला बाकावर बसवले, चहा आणि गरम मंदाझी आणून दिली आणि दुसऱ्या दिवशीची वेळ बोटाने माझ्या मनगटी घड्याळावर दाखवली. तेव्हापासून मी वेळ विचारताना घड्याळच पुढे करते. तूही तसेच कर.

मोंबासा हे बेट आहे. दक्षिणेकडे निघताना लिकोनीच्या फेरीबोटीने खाडी ओलांडण्याची मजा चुकवू नकोस. पुढे नारळीच्या बागा लागतात आणि क्षणभर आपण कोकणातच आहोत असे वाटते. सरहद्दीवर लुंगालुंगा (केनिया)-होरोहोरो (टांझानिया) येथे एकथांबी चौकी असल्यामुळे टांझानियाकडे जाताना दोन्ही देशांचे सोपस्कार होरोहोरोलाच होतात. केनियातून बाहेर पडल्याचा आणि टांझानियात शिरल्याचा असे दोन्ही शिक्के उमटले का, तारीख बरोबर आहे का, हे खिडकी सोडण्यापूर्वी स्वतः वाच. मागची रांग कुरकुरली तरी चालेल. आपण अजून आत आहोत हे वाहकाला आधीच सांगून ठेव, कारण बस सर्वांसाठी थांबतेच असे नाही. पैसे बदलताना सावध राहा. दोन्ही देशांच्या चलनाला शिलिंगच म्हणतात, पण केनियाच्या एका शिलिंगला टांझानियाचे अठरा-वीस मिळतात आणि शून्यांच्या गर्दीत हिशेब चुकतो. आधी आकडा कागदावर लिही, मगच नोटा हातातून सोड.

ही सरहद्द 1886 मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांनी करार करून ठरवली. नकाशावर ती किनाऱ्यापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे सरळ निघते आणि किलिमांजारोपाशी तेवढी वळते. किनाऱ्यावर मात्र दोन्ही बाजूंना डिगो लोकच राहतात, एकच भाषा बोलतात आणि त्यांची सोयरीक रेषेपलीकडेही होते. म्हणून रांगेत टोपली घेऊन उभ्या असलेल्या आजीबाईंना परदेशी प्रवासी समजू नकोस; त्या बहुधा लेकीकडे निघालेल्या असतात. त्यांना ‘शिकामू’ म्हण. ‘तुमचे पाय धरते’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात, म्हणजे आपला वाकून केलेला नमस्कारच. माझ्या पुढे उभ्या असलेल्या आजींनी ‘मराहबा’ असे उत्तर दिले, माझी अवजड पिशवी पाहिली आणि काही न बोलता तिचा एक बंद स्वतःच्या हातात घेतला. खिडकी येईपर्यंत आम्ही ती दोघींनी मिळून पुढे सरकवत नेली.

तारीख पक्की झाली की कळव. टांझानियाच्या थोड्या नोटा माझ्याकडे उरल्या आहेत. त्या अजून चालत असतील तर पहिल्या चहापुरत्या होतील.

तुझी,
मावशी