मन साफ असलं की पुरे, असं बायबल म्हणतं का?

नाही. उलट मनावर फार विसंबू नका, असंच सांगतं. बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकात 3:5 मध्ये (अध्याय 3, वचन 5) ते सरळच आहे: आपल्याच बुद्धीवर टेकू नकोस. माणसाला नीट वाटणारी वाट शेवटी मरणाकडे जाते, हे वचन 14:12 ला आहे आणि 16:25 ला पुन्हा.

मला मात्र शास्ते या बायबलमधल्याच पुस्तकाच्या 17 व्या अध्यायातल्या मीखाचं उदाहरण जास्त पटतं. हा गडी आईचे चांदीचे 1100 तुकडे चोरतो, परत करतो; आई त्यातलेच 200 देवाच्या नावाने मूर्ती करायला देते, जी बायबलला मुळीच मान्य नाही. मग तो घरी लेवी या याजकांच्या वंशातला एक पुरोहित ठेवतो आणि म्हणतो, आता परमेश्वर माझं भलं करणार! सगळं अगदी मनापासून. तिथेच वाक्य येतं की जो तो आपल्याला बरं दिसेल ते करी.

आमच्या सोलापुरात चादर घेताना विकणाऱ्याच्या वितीवर कुणी भागवत नाही, मीटरपट्टी मागतो. तसंच काहीसं.

याचा अर्थ विवेक टाकून द्या असा नव्हे. येशूचा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 4:4) म्हणतो, माझं मन मला खात नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. न्याय करणारा प्रभू आहे.