पॅडसाठी भांडू नका, कॅलिपरसाठी भांडा

प्रश्न : 26 हजार किलोमीटरमध्ये पुढचे ब्रेक पॅड तीनदा बदलले. गाडी उजवीकडे ओढते, उजवं पुढचं चाक तापतं. सर्व्हिस सेंटर म्हणतं, पॅड वॉरंटीत येत नाहीत. गाडी बदलून मागता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पॅड वॉरंटीत येत नाहीत, हे खरंच आहे. ‘नैसर्गिक झीज’ या कलमाखाली पॅड, क्लच प्लेट, वायपर वगळलेले असतात. कॅलिपर, म्हणजे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग, मात्र बहुधा त्या यादीत नसतो. आपली पुस्तिका काढून तेवढं पान वाचा. एकच चाक तापतं आणि गाडी त्याच बाजूला ओढते, तेव्हा पहिला संशय कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिनवर किंवा पॅड दाबणाऱ्या पिस्टनवर जातो; यातलं काहीतरी अडकलेलं असतं. अशा चाकाचं आतलं पॅड, उदाहरणार्थ, 2 मिमीवर आलेलं असतं, तर बाहेरचं 6 वर. चालवण्याच्या सवयीने झीज झाली, तर ती दोन्ही चाकांवर साधारण सारखी दिसते.

हा पुरावा तुम्ही तीनदा वर्कशॉपच्या भंगारात सोडून आलात. जॉबकार्डावर नुसतं ‘पॅड बदलले’ आणि खाली तुमची सही! आता उरलाय तो गाडीत बसवलेला संच. पुढच्या जॉबकार्डावर ‘उजवं चाक तापतं, गाडी ओढते’ हे स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या. चारही पॅडची जाडी व्हर्नियरने मोजून फोटो काढा, बदलल्यास जुने पॅड घरी आणा, आणि कॅलिपर वॉरंटीत बदलून द्या अशी मागणी ईमेलने करा. बाहेरच्या मेकॅनिकला कॅलिपर खोलू देऊ नका; कंपनी त्याच्याकडेच बोट दाखवेल.

ग्राहक आयोगात जाण्याची मुदत मात्र संपत आली आहे. सर्व्हिस सेंटरकडे पहिली तक्रार होऊन बावीस महिने झाले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार मुदत दोन वर्षांची, आणि पत्रव्यवहार चालू आहे किंवा नोटीस दिली म्हणून ती लांबत नाही. विलंबमाफी मिळेलच असं नाही. तक्रार तुम्ही राहता तिथे, नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातही करता येते. कलम 38 खाली प्रयोगशाळेकडून तपासणी मागा. कायद्यात तपासणीसह निकालाला पाच महिने सांगितलेत. त्या भरवशावर राहू नका.

गाडी बदलून मिळणं अवघड आहे. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच वादात गाडी नव्हे, सदोष भाग बदलण्यापुरतीच जबाबदारी मानली होती. कॅलिपर, तीन संचांचा खर्च आणि भरपाई मागा. तोवर ही गाडी कसारा घाटात नेऊ नका.