टीसी एक सांगते, आधार दुसरंच : लायसनच्या कागदांबद्दल

तुम्ही लिहिलंय की वय २२, गाव घाटंजी तालुक्यात, गाडी चार वर्षांपासून चालवताय पण लायसन नाही. टीसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, वडिलांचं नाव ‘नामदेव’ आणि आधारवर ‘नामदेवराव’. एजंट चार हजार मागतोय. तर कागद नेमके कोणते लागतात, आणि त्याच लायसनवर घरचा ट्रॅक्टर चालेल का?

मी वणी तालुक्यातला. मला लायसन काढायला वर्ष लागलं. कागद जमवण्यात त्यातले फार तर चार दिवस गेले. उरलेले दिवस त्या कागदांचं आपसात जमवून देण्यात गेले, आणि थोडे माझ्या आळसात. म्हणून भाऊ, यादीची चिंता करू नका. यादी दोन ओळींची आहे.

वयाचा पुरावा एक : टीसी, दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, जन्माचा दाखला किंवा पासपोर्ट. पत्त्याचा पुरावा एक : आधार, मतदान कार्ड, पासपोर्ट किंवा एलआयसीची पॉलिसी. फॉर्म १ म्हणजे तब्येतीबद्दल स्वतःच लिहून द्यायचं. मिरगीचा किंवा चक्कर येण्याचा त्रास आहे का, नजर बरी आहे का, असे प्रश्न असतात. डॉक्टरची सही लागते ती फॉर्म १-अ वर. पण तो फॉर्म चाळिशीच्या पुढच्यांना आणि धंद्याची गाडी चालवणाऱ्यांना लागतो, तुम्हाला नाही. रक्तगट विचारतात, तो माहीत करून ठेवा. आठवी पास असावं लागतं ही पारावरची गोष्ट जुनी झाली. ती अटही फक्त धंद्याच्या गाडीला होती, आणि २०१९ मध्ये तीही काढली.

आता खरं दुखणं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, त्यामुळे त्यांच्यामागे लागलेला ‘राव’ तुमच्या नावात घुसतो. गावात ‘राव’ म्हणजे मान, अर्जात ‘राव’ म्हणजे वेगळा माणूस. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, कारण अर्ज इंग्रजीतल्या नावावर चालतो. फरक दिसला तर आधार दुरुस्त करा, टीसीच्या नादी लागू नका. शाळा सोडल्यावर टीसीत दुरुस्ती करायची म्हणजे मुख्याध्यापक, तिथून शिक्षणाधिकारी, तिथून परत शाळा. आधारला दहावीचं प्रमाणपत्र दाखवलं की काम होतं. एक ध्यानात ठेवा : आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. ऑपरेटर टाइप करत असताना स्क्रीन तुमच्याकडे वळवायला लावा. लाजू नका.

माझी अडचण नावाची नव्हती, तारखेची होती. शाळेत घालायला आजोबा घेऊन गेले, गुरुजींनी १ जून लिहून टाकलं. आमच्या वयाच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच येतो. पुढे आधारचं शिबिर आलं तेव्हा आईनं खरं सांगितलं, ‘तान्ह्या पोळ्याचा झाला हा.’ ऑपरेटरनं पंचांग बघण्याऐवजी अंदाजानं सप्टेंबरातली एक तारीख ठोकली. म्हणजे माझ्या दोन जन्मतारखा, आणि दोन्ही खोट्या. शेवटी आधार टीसीप्रमाणे करून घेतलं. आधारवर जन्मतारीख छापलेली असली तरी तो जन्मतारखेचा पुरावा नाही, असं आधारवाल्यांनीच २०२३ च्या डिसेंबरात पत्रक काढून सांगितलंय. २०२४ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानेही एका अपघात भरपाईच्या खटल्यात वयासाठी आधारऐवजी शाळेचा दाखला धरला. त्यामुळे टीसी जपून ठेवा. माझी पत्र्याच्या पेटीत होती आणि उंदरांनी एक कोपरा खाल्ला होता. शिक्का वाचला म्हणून निभावलं.

दुसरी गोष्ट मोबाइल नंबरची. महाराष्ट्रात २०२१ च्या जूनपासून आधारच्या जोरावर घरी बसून लर्निंग, म्हणजे शिकाऊ लायसन निघतं. सारथी या लायसनच्या सरकारी साइटवर अर्ज करायचा, ओटीपी येतो, परीक्षाही घरूनच होते. पण ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच जातो, आणि आपल्याकडे तो नंबर बहुतेक वेळा दहा वर्षांपूर्वीच्या फुकट सिमचा असतो. तो बदलायला कुठलाच कागद लागत नाही. आधार केंद्रावर स्वतः गेलं की काम होतं, तालुक्याच्या पोस्टात किंवा बँकेत केंद्र असतं. नांगर-फावड्यानं बोटांचे ठसे झिजले असतील तर डोळे स्कॅन करायला सांगा. त्याच फेरीत फोटोही नवा काढून घ्या. या वाटेनं गेलात तर अर्जात नाव, पत्ता आणि फोटो आधारमधूनच उतरतात. तुमचं आधार शाळेत असताना निघालं असेल तर लायसनच्या अर्जावर सहावीतलं पोरगं येऊन बसेल.

म्हणजे क्रम असा : आधी आधार केंद्र, मग सारथी. आमच्या गावची पोरं उलटं करतात. अर्ज भरतात, पैसे भरतात, मग चूक सापडते.

आधारची वाट नको असेल तर अर्ज ऑनलाइनच भरा, तारीख घ्या आणि अस्सल कागद घेऊन यवतमाळच्या ऑफिसला जा. लर्निंगची परीक्षा सोपी असते, १५ प्रश्नांतले ९ बरोबर आले की झालं. घरून द्यायची परीक्षा अर्ज भरणाऱ्या सेंटरवर बसून द्यायला गेलात तर सेंटरवाला म्हणेल, ‘तुमी बसा ना भाऊ, मी देऊन टाकतो.’ देऊ देऊ नका. चिन्हं ओळखता येत नसतील तर पांढरकवड्याच्या हायवेवर त्या लायसनचा काय उपयोग?

पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या नियमात लर्निंगला गाडीच्या प्रत्येक प्रकाराचे १५० आणि परीक्षेचे ५०. पक्क्याला चाचणीचे प्रत्येक प्रकारामागे ३०० आणि लायसनचे २००. वर कार्ड, टपाल अशी थोडी भर पडते. चार हजारांतले उरलेले कशाचे, ते एजंटलाच विचारा. सेतूवाल्यानं अर्ज भरायचे शंभर-दोनशे घेतले तर द्यावेत, तो त्याची वीज आणि वेळ खर्च करतो. लायसन नसताना पकडलं तर दंड ५००० आहे, हेही हिशेबात धरा.

आता माझ्या आळसाची गोष्ट. मी लर्निंग मे महिन्यात काढलं. वावरात काम नव्हतं, रिकामा होतो. लर्निंग सहा महिने चालतं, आणि ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याला जाता येत नाही. ३० दिवस झाले तेव्हा मृग लागला होता. मग पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी. पोळा झाला, सोयाबीन काढलं, कापूस फुटला. पहिली वेचणी उरकून कागद काढून पाहिला तर लर्निंग संपून आठ दिवस झाले होते. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. बायको अजून बोलते. तुम्ही वेचणी संपल्यावर, संक्रांतीच्या आसपास काढा. महिनाभरात चाचणी द्या, पेरणीच्या आधी मोकळे व्हाल. दरवेळी यवतमाळलाच जावं लागतं असंही नाही. आरटीओचे लोक ठरल्या तारखांना काही तालुक्यांच्या ठिकाणी कॅम्प लावतात, माझी चाचणी वणीच्या कॅम्पमध्येच झाली. तुम्हाला जवळचा कॅम्प कोणता पडतो ते बघून तारीख घ्या, कारण महिन्यात मोजकेच दिवस असतात आणि लवकर भरतात.

चाचणीला गाडी तुम्ही न्यायची, आणि तिचेही कागद बघतात : आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. गावातल्या निम्म्या गाड्यांचा इन्शुरन्स शोरूममधून निघाल्यावर पुन्हा कोणी भरलेला नसतो. माझ्यापुढे रांगेत एक जण साळ्याची गाडी घेऊन आला होता. चाचणीत गाडीनं काढायचा आठचा आकडा त्यानं झकास काढला असता, पण इन्शुरन्स दोन वर्षांपूर्वी संपलेला, म्हणून तसाच परत गेला. मागून आणायची तर कागद बघूनच गाडी मागा. हेल्मेटही न्या.

कार्ड नंतर टपालानं घरी येतं, म्हणून पत्त्यात नुसतं गाव-तालुका लिहून भागत नाही. पोस्ट कोणतं आणि पिनकोड काय ते आधारवरच बरोबर असू द्या. एकाच नावाची दोन गावं आपल्या जिल्ह्यात काही कमी नाहीत.

ट्रॅक्टरचं : कायद्यात हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रॅक्टर आहे, रिकाम्याचं वजन ७५०० किलोच्या आत असलं की झालं. घरचे ट्रॅक्टर त्याच्या पुष्कळ खाली असतात. त्यामुळे आत्ताच एका अर्जात दोन खुणा करा, गियरची मोटारसायकल आणि हलकं मोटार वाहन, म्हणजे चारचाकीचं काम पुन्हा नको. फक्त एक. लर्निंगवर गाडी चालवताना पुढे-मागे लाल ‘एल’ लावायचा असतो आणि शिकवणारा, पक्कं लायसन असलेला माणूस सोबत बसवायचा असतो. ट्रॅक्टरला सीट एकच. मडगार्डवर बसलेला काका त्यात धरत नाहीत, तेव्हा पक्कं हातात येईपर्यंत ट्रॅक्टर धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या आतच फिरवा.