वाचकांचे प्रश्न : लस आणि लोकांचा विश्वास

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात आशा सेविका आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या लशीसाठी घरोघर फिरताना ‘लस घेतली की दोन वर्षांत माणूस जातो’, ‘पुढे मूलबाळ होत नाही’ अशी उत्तरे ऐकावी लागली आणि ती देणाऱ्यांत निवृत्त शिक्षकही होते. प्लेगच्या वेळीही लोक असेच बिथरले होते म्हणतात. याला अज्ञानाखेरीज दुसरे कारण असू शकते का?

उत्तर : असू शकते, आणि आमच्या मते अज्ञानापेक्षा तेच मोठे आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. येथील लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून जंतू वाढवण्याच्या द्रावणासाठी त्यांनी गोमांसाऐवजी बकऱ्याचे मांस वापरले, एवढी काळजी त्यांनी घेतली होती. परंतु पुढच्याच महिन्यात ब्रिटिश सरकारचा साथरोग कायदा आला. घरझडत्या, रुग्णांना बळाने हलवणे, विलगीकरणाच्या छावण्या हे सारे त्याच सरकारच्या नावाने चालले होते. ज्यांच्या माजघरात शिपाई बुटांसह शिरत होते, त्यांनी त्याच सरकारची सुई निमूटपणे टोचून घ्यावी, ही अपेक्षाच अवाजवी होती. उलट खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा त्या समाजातील लोक मोठ्या संख्येने पुढे आले. त्यांना जंतुशास्त्र कोणी शिकवले नव्हते. सांगणारा माणूस आपला होता, एवढेच.

लोकांची भीती सर्वस्वी निराधार असते असेही नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, आणि तो दूर व्हायला १९०७ साल उजाडले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, असे मत तज्ज्ञांनी मांडले. अशा घटनेची वाच्यता न करणे हा अफवेला खतपाणी घालण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो.

करोनाच्या काळात कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ आणि मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवडे झाले. अंतर वाढवल्याने संरक्षण अधिक चांगले मिळते याला आधार होता, पण तुटवड्याच्या ऐन दिवसांत हा बदल झाल्याने ‘माल नाही म्हणून मुदत वाढवली’ असे लोक म्हणाले, तर त्यांना सरसकट अडाणी ठरवता येणार नाही. (पुढे १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल दोन मात्रा पूर्ण झालेल्यांना खुली झाली आणि टाळाटाळ करणारे अनेकजण रांगेत दिसले; त्यांचे मन वळले होते की पासाची निकड होती, हे ज्याचे त्याने ठरवावे.) त्या निवृत्त शिक्षकांशी बोलताना अफवा खोडण्यापासून सुरुवात करू नका. ताप येईल, दंड दुखेल, कणकण एक-दोन दिवस राहील, हे आधीच सांगा. ते खरे ठरले की तुमच्या पुढच्या शब्दाला किंमत येते. गावात ज्यांनी लस घेतली आहे त्यांच्यापैकी एखाद्याला बरोबर नेता आले, तर अधिक चांगले.

प्रश्न : मला लशीनंतर ताप आला नाही, शेजाऱ्यांना मात्र आला. माझी लस लागू पडली नाही का?

उत्तर : तसे नाही. ताप हा शरीराच्या प्रतिसादाचा एक भाग आहे, त्याचे मोजमाप नव्हे. ताप न आलेल्या असंख्य लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारे घटक) तयार झालेली आढळतात. वयाने मोठ्या माणसांना असा त्रास तरुणांपेक्षा सहसा कमी होतो, म्हणून आपले वय साठीच्या पुढे असेल तर यात काहीच नवल नाही. त्या समजुतीने जास्तीची मात्रा मागून घेऊ नये.