जुनी ३०० एमएम लेन्स, बंद पडलेली मोटर आणि ‘माल परत घेतला जाणार नाही’

प्रश्न : रत्नागिरीत माझा छोटा स्टुडिओ आहे, मी आणि एक मदतनीस मुलगा. लग्नकार्याचे फोटो हा व्यवसाय, पक्ष्यांचे फोटो ही हौस. गेल्या मे महिन्यात पुण्याच्या एका दुकानातून निकॉनची जुनी ‘एएफ-एस ३०० एमएम एफ/२.८ डी’ लेन्स ९२,००० रुपयांना घेतली. माझ्या झेड ६-२ कॅमेऱ्यावर एफटीझेड अ‍ॅडॉप्टर (जुन्या लेन्स नव्या माउंटच्या कॅमेऱ्याला जोडणारा भाग) लावून ती वापरायची होती. बोलणे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर झाले, पैसे यूपीआयने दिले, लेन्स कुरियरने आली. दुकानदाराने लिहिले होते, ‘एएफ (ऑटोफोकस) फास्ट आहे, काच एकदम क्लीन, झेडवर बिनधास्त चालेल.’ १९व्या दिवशी फोकस करताना चिरचिर आवाज येऊ लागला, मी लगेच कळवले. ‘बरेच दिवस पडून होती, वापरा, मोकळी होईल,’ असे उत्तर आले. जुलैत ऑटोफोकस पूर्ण बंद पडला. टॉर्च लावून पाहिले तर आतल्या काचेवर फंगसही दिसते. सेवा केंद्राने मोटर आता मिळत नाही असे तोंडी सांगितले. दुकानदार बिलावरची छापील ओळ दाखवतो : ‘जुना माल, गॅरंटी नाही, माल परत घेतला जाणार नाही.’ बिल स्टुडिओच्या नावावर आहे, त्यावर सिरियल नंबर नाही. पोलिसांत जाऊ का? आणि इथल्या एका कारागिराला लेन्स उघडून साफ करायला देऊ का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात चूक झाली तर बाकीच्या उत्तराला अर्थ राहणार नाही. लेन्स कोणालाही उघडू देऊ नका. एकदा स्क्रूवर पेचकसाचे ओरखडे उमटले की दुकानदाराला एकच वाक्य पुरते : ‘यांनी उघडली, यांनीच बिघडवली.’ ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे मग तुमच्यावर येते. पण कोकणातल्या पावसात ती तशीच कपाटात ठेवणेही योग्य नाही. करार अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई ठरवताना, नुकसान कमी करण्याचे जे साधन तुमच्या हाती होते तेही विचारात घेतले जाते. म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या आणि डबा बंद करतानाचा फोटो काढून ठेवा. जेल ओले झाले की बदला.

आता मुख्य मुद्दा. हे मॉडेल १९९६ साली आले आणि २००१ मध्ये त्याची जागा हलक्या ‘एएफ-एस २’ने घेतली. म्हणजे तुमची लेन्स पंचवीस वर्षांच्या आसपासची. दुकानदाराचा वकील हेच म्हणेल : इतक्या जुन्या वस्तूत झीज असणारच, तिला दोष कसे म्हणता? यावरचे उत्तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९च्या कलम २(१०) मध्ये आहे. तिथे ‘दोष’ म्हणजे कायद्याने किंवा कराराने राखायच्या दर्जातली उणीव, एवढेच नाही. व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला त्या दाव्याशी तुलना करता आढळलेली उणीवही दोष ठरते. जुन्या मालाच्या प्रत्येक वादात हे शब्द निर्णायक असतात. तुमची लेन्स नव्या लेन्सच्या मापाने मोजायची नाही. ‘एएफ फास्ट आहे, काच क्लीन’ या मेसेजच्या मापाने मोजायची आहे. दुकानदाराने ‘मोटर आवाज करते, कधी बंद पडेल सांगता येत नाही’ असे लिहून तीच लेन्स ४५,००० रुपयांना विकली असती, तर तुमच्या तक्रारीत फारसा दम राहिला नसता.

म्हणून तो व्हॉट्सअ‍ॅप संवाद हाच तुमचा खटला आहे. नुसते स्क्रीनशॉट पुरेसे समजू नका. संपूर्ण संवाद फोटो-व्हिडिओसह एक्स्पोर्ट करा, फोन बदलू नका, चॅट पुसू नका. विकण्याआधी दुकानदाराने फोकसचा व्हिडिओ पाठवला असेल तर तो हेडफोन लावून ऐका. या पिढीच्या सायलेंट वेव्ह मोटरचा, म्हणजे लेन्समधल्या फोकसच्या मोटरचा, शेवट जवळ आला की आधी चिरका आवाज येतो, मग ती अडखळते, मग थांबते. तो आवाज विक्रीपूर्व व्हिडिओतच असेल, तर दुकानदाराला तो माहीत होता असे म्हणता येते. मग प्रकरण कलम २(१०) पुरते राहत नाही, करार अधिनियमाच्या कलम १७ मधल्या फसवणुकीपर्यंत जाते, कारण माहीत असलेली गोष्ट दडवणे त्यात येते. मूळ फाइल फॉरवर्ड न करता संगणकावर उतरवून घ्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे दाखवणारी डिजिटल खूण) नोंदवायचे असते. ग्राहक आयोगाचे काम संक्षिप्त पद्धतीने चालते आणि तिथे पुराव्याच्या नियमांचा इतका काच नसतो, तरी प्रमाणपत्र सुरुवातीलाच जोडले की हा आक्षेप पुढे येत नाही.

बिलावर सिरियल नंबर नाही, ही दुकानदाराच्या हातातली चोरवाट. ‘ही आमची लेन्सच नव्हे’ असे तो म्हणू शकतो. विक्रीपूर्व फोटोंत नंबर दिसतो का पाहा. तो लेन्सच्या अंगावरच कोरलेला असतो. त्या फोटोतला नंबर, कुरियरची पावती आणि त्यावरचे वजन, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असल्यास तो, आणि यूपीआयची नोंद, या चार गोष्टी जुळल्या की चोरवाट बंद. फोटोत नंबर नसेल तर दुकानदाराला एक साधा मेसेज आजच टाका : ‘अमुक नंबरची लेन्स आपण मला अमुक तारखेला पाठवली, तिची मोटर बंद आहे.’ त्याने मोटरबद्दल वाद घालत उत्तर दिले आणि नंबरबद्दल काही म्हटले नाही, तरी तुमचे काम होते.

फंगसबद्दल मात्र स्पष्ट सांगतो : तिच्यावर तक्रारीचा डोलारा उभा करू नका. खरेदी मे महिन्यातली, फंगस दिसली पावसाळ्यात, तीही रत्नागिरीत. ‘तुमच्याच घरी वाढली’ हा बचाव पटण्यासारखा आहे आणि बुरशीचे वय दिवसांत सांगणारा तज्ज्ञ मिळणार नाही. एकच गोष्ट तुमच्या बाजूने जाऊ शकते. बुरशी बराच काळ राहिली की तिच्या आम्लाने काचेवरचा थर खरवडला जातो, आणि तसे खरवडलेले कोटिंग दोन महिन्यांचे नसावे असे सेवा केंद्राचा तंत्रज्ञ लिहून देऊ शकतो. तपासताना लेन्स कॅमेऱ्यावरून काढून छिद्राची (अ‍ॅपर्चरची) रिंग २.८ वर फिरवा, नाहीतर पाती मिटलेली राहतात आणि मागच्या काचा दिसत नाहीत. मग मागून तिरका एलईडी प्रकाश टाकून फोटो काढा. परत कॅमेऱ्यावर लावताना रिंग २२ वर नेऊन लॉक करायला विसरू नका. तक्रारीत मोटर हा पहिला दोष, फंगस हा दुसरा, असाच क्रम ठेवा.

सेवा केंद्राचे तोंडी उत्तर कागदावर आणा. तपासणी शुल्क भरून, लेन्स न उघडता केलेल्या तपासणीचा लेखी अहवाल मागा. त्यात मॉडेल, सिरियल नंबर, तपासणीची तारीख, ‘ऑटोफोकस मोटर निकामी’, ‘सुटा भाग उपलब्ध नाही’ आणि ‘आघात किंवा पाणी शिरल्याच्या खुणा नाहीत’, एवढे यायला हवे. शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे आणि नेमके तेच राहून जाते. ज्या दोषाचा निर्णय तपासणीशिवाय होत नाही, त्यात आयोग ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८(२)(क) प्रमाणे वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. लेन्सच्या बाबतीत हा मार्ग लांबचा पडतो. अहवाल आणि तो देणाऱ्याचे शपथपत्र यांनी काम लवकर होते.

आता बिलावरची ओळ. ती तुम्हाला पैसे दिल्यानंतर, पार्सलमधून मिळाली. करार व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पूर्ण झाला होता, आणि पूर्ण झालेल्या करारात एका बाजूने नंतर अट घुसवता येत नाही. अट आधी दाखवली असती तर गोष्ट थोडी बदलली असती : माल विक्री अधिनियम, १९३०च्या कलम ६२ प्रमाणे गर्भित अटी (न लिहिताही कायदा गृहीत धरतो त्या) उघड कराराने काढून टाकता येतात. मात्र तेव्हाही दुकानदाराने स्वतः केलेला स्पष्ट दावा अशा छापील ओळीने पुसला गेला नसता. शिवाय सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुम्ही १९व्या दिवशी कळवले हे इथे मोलाचे. तुम्ही तेव्हा ‘माल परत घ्या’ असे शब्द वापरले नाहीत, असा युक्तिवाद होईल. त्यावर ‘वापरा, मोकळी होईल’ हे दुकानदाराचेच उत्तर पुढे करायचे. त्याच्या शब्दावर विसंबून तुम्ही थांबलात.

माल विक्री अधिनियमाचे कलम १६ही तुमच्या बाजूने आहे. खरेदीदाराने माल स्वतः तपासला असेल तर तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल त्याला बोलता येत नाही. तुम्ही तर लेन्स हातात न घेता वर्णनावर घेतली. इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. निकॉनच्या त्याहून जुन्या, स्क्रू-ड्राइव्ह पद्धतीच्या एएफ आणि एएफ-डी टेलिफोटो लेन्स एफटीझेडवर ऑटोफोकस करत नाहीत, कारण त्या कॅमेऱ्याच्या अंगातल्या मोटरवर चालतात आणि अ‍ॅडॉप्टरला फोकसची मोटर नाही. अशी लेन्स सदोष नसते, फक्त तुमच्या कामाची नसते. विशिष्ट मॉडेल त्याच्या व्यापारी नावाने मागून घेतले की उपयुक्ततेची गर्भित अट कलम १६(१) च्या परंतुकाने गळते. म्हणून कॅमेऱ्याचे नाव लिहून ‘यावर ऑटोफोकस चालेल का’ असा प्रश्न आणि त्याचे ‘हो’ असे उत्तर लेखी घ्यावे. तुमची लेन्स स्वतःची मोटर असलेली आहे, त्यामुळे ‘झेडवर बिनधास्त चालेल’ हे वाक्य तत्त्वतः खरे होते. बिघाड मोटरमध्येच आहे.

बिल स्टुडिओच्या नावावर असल्याने ‘व्यापारी प्रयोजनासाठी खरेदी, म्हणून हे ग्राहकच नाहीत’ हा आक्षेप हमखास येणार. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणाप्रमाणे, स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनात मोडत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हेच विवेचन केले. एखाद-दुसरा मदतनीस असला म्हणून स्वयंरोजगार संपत नाही. पण भूमिका एकच घ्या. लेन्स हौसेसाठी घेतली असेल तर तसे लिहा, उपजीविकेसाठी घेतली असेल तर ‘मी स्वतः फोटो काढून कुटुंब चालवतो’ हे तक्रारीच्या मजकुरातच लिहा. दोन्ही अर्धे अर्धे लिहिणाऱ्याची उलटतपासणीत फजिती होते. या बिलावर जीएसटीची वजावट घेतली असेल तर ‘फक्त हौस’ म्हणूच नका.

आधी नोटीस द्या. ती कायद्याने सक्तीची नाही, पण अनेकदा पैसे तिथेच मिळतात. स्पीड पोस्टाने, पोहोच मागून, आणि त्याच दिवशी ईमेल व व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. दावा, त्याची तारीख, दोष, १९व्या दिवशीची सूचना, सेवा केंद्राचा अहवाल आणि १५ दिवसांत ९२,००० रुपये परत करण्याची मागणी, एवढे एका पानात बसते. ‘लेन्स परत देण्यास मी तयार आहे’ हे वाक्य हवेच. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

उपयोग झाला नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पुण्याला जायची गरज नाही. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार चालते. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची. सामनेवाल्याला कैफियत देण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. त्यापुढे आयोगालाही वाढवून देता येत नाही. निकालासाठी कायद्यात तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ लागतो, हे धरून चाला.

मागणी नीट मांडा. ‘दुरुस्त करून द्या’ मागू नका, मोटरच मिळत नाही. ‘बदलून द्या’ही नको, त्याच वयाची दुसरी लेन्स म्हणजे नवा वाद. मुख्य मागणी किंमत व्याजासह परत, सोबत तपासणीचा आणि तक्रारीचा खर्च. पर्यायी मागणी म्हणून किमतीतला फरक जरूर मागा. ऑटोफोकस गेला तरी या लेन्सची फोकस रिंग हाताने चालते आणि झेड ६-२ वर फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) लावून बसलेल्या पक्ष्याचे काम होते. काच साफ होण्यासारखी असेल आणि दुकानदार ४०-५० हजार परत देऊन लेन्स तुमच्याकडेच ठेवायला तयार असेल, तर माझ्या मते तो सौदा दोन वर्षे तारखा मोजण्यापेक्षा बरा.

पोलिसांबद्दल : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला व्यवहाराच्या सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू दिसावा लागतो. विक्रीपूर्व व्हिडिओत काही सापडले नाही तर ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतील, आणि त्यानंतर दुकानदार तडजोडीला बसणार नाही. पैसे वसूल करण्यासाठी फौजदारीची धमकी नोटिशीत तर मुळीच लिहू नका.

तडजोड झालीच तर ती लेखी करा, त्यात सिरियल नंबर टाका, आणि रक्कम खात्यात जमा झाल्यावरच लेन्स कुरियरला द्या. पॅक करताना काचा, माउंट आणि नंबर दिसेल असा सलग व्हिडिओ काढा, घोषित मूल्याचा विमा उतरवा आणि ट्रायपॉड कॉलर सैल न ठेवता घट्ट आवळून पाठवा. तीनेक किलोची लेन्स खोक्यात हलली की माउंट वाकतो.