कार्बन मोनॉक्साइड खाणाऱ्या जीवाणूंचं एन्झाइम ऑक्सिजन लागताच निकामी होतं का?

तुम्ही विचारलंय की असं असेल तर कारखान्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड काढायला त्याचा काय उपयोग. शंका रास्त आहे, पण अर्धीच खरी.

घोटाळा नावामुळे होतो. कार्बन मोनॉक्साइड डिहायड्रोजिनेज या एकाच नावाची एन्झाइमांची (म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांची) दोन घराणी आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं नाही. काम मात्र एकच: कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी घ्यायचं, कार्बन डायऑक्साइड, प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन द्यायचे.

पहिलं घराणं हवेतच नांदतं. ऑलिगोट्रोफा कार्बॉक्सिडोव्होरान्स या जीवाणूच्या एन्झाइममध्ये मॉलिब्डेनम आणि तांबं गंधकाने जोडलेलं असतं. (१९९९च्या रचनेत तांब्याच्या जागी सेलेनियम धरलं होतं, २००२मध्ये ते तांबं निघालं.) ऑक्सिजनचं याला वावडं नाही, पण चाल संथ, सेकंदाला शंभरेक रेणू.

दुसरं घराणं निकेल, लोह आणि गंधकाचं. जपानच्या उत्तरेकडच्या कुनाशिर बेटावरच्या गरम झऱ्यातल्या कार्बॉक्सिडोथर्मस हायड्रोजेनोफॉर्मान्स या जीवाणूचं एन्झाइम ७० अंशांना सेकंदाला हजारो रेणू उरकतं. पण ऑक्सिजन आला की निकेलचं केंद्र बिघडतं. मी एम.एस्सी.ला अशाच एका नाजूक प्रथिनावर काम करत होतो. ग्लव्ह बॉक्सच्या (ऑक्सिजन नसलेल्या बंद पेटीच्या) हातमोज्याला बारीकसं भोक पडलं आणि आठवड्याची मेहनत पाण्यात गेली. त्यामुळे तुमची शंका मला पटते!

आता गंमत. त्या कार्बॉक्सिडोथर्मसकडे अशी निकेलवाली पाच एन्झाइम्स आहेत आणि त्यातलं चौथ्या क्रमांकाचं ऑक्सिजन बऱ्यापैकी सोसतं. कोरियातल्या संशोधकांनी २०२२मध्ये दुसऱ्या क्रमांकाचं, नाजूक एन्झाइम घेतलं. वायू आतल्या केंद्रापर्यंत एका बोगद्यातून जातो. त्या बोगद्यातलं अ‍ॅलनिन हे छोटं अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक मणी) काढून तिथे ट्रिप्टोफॅन हे धिप्पाड अमिनो आम्ल बसवलं. वाट अरुंद झाली, ऑक्सिजन अडला, कार्बन मोनॉक्साइड मात्र जात राहिला. दोन्ही रेणू आकाराने जवळजवळ सारखेच, म्हणजे ही नुसती चाळणी नव्हे. मला तरी यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं. पोलाद कारखान्याच्या खऱ्या वायूवरही त्यांनी ते चालवून दाखवलं.

तेव्हा धुरासाठी मी निकेलवाल्यावरच पैज लावेन, दार नीट बसवलेल्या. एन्झाइम शुद्ध करण्याचा खर्च आणि ते किती दिवस तग धरेल, हे प्रश्न ऑक्सिजन सोसल्याने सुटत नाहीत.