परदेशात नोकरी करतेय, घरची फार आठवण येते. किती वर्षं राहावं?

तुम्ही लिहिलंय की मूळच्या नागपूरच्या, म्युनिकला येऊन 14 महिने झाले, ब्लू कार्डवरची (उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या तिथल्या वर्क परमिटवरची) नोकरी बरी आहे, पण संध्याकाळ झाली की रडू येतं. घरचे म्हणतात दोन-तीन वर्षं काढ, तिथल्या मैत्रिणी म्हणतात पासपोर्ट मिळेपर्यंत हलू नको. मी 2011 ते 2018 जर्मनीतच श्टुटगार्टला होतो, आता नागपूरला प्रतापनगरात राहतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं सांगू शकतो.

आधी एक विचारतो. हे रडू नोव्हेंबरपासून वाढलं का? तिकडे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. ऑफिसातून निघेपर्यंत काळोख, रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपण नागपूरची माणसं उन्हाला शिव्या घालत मोठी होतो, पण अंगाला सवय त्या उन्हाचीच असते. पहिल्या हिवाळ्यात मी तीनदा राजीनामा लिहिला आणि एप्रिलमध्ये तिन्ही मेल पुसून टाकले. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात काहीही ठरवू नका. झोपच लागत नसेल, जेवण जात नसेल, तर मात्र एप्रिलची वाट पाहू नका, तिथल्या फॅमिली डॉक्टरला या आठवड्यात भेटा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता इकडची बाजू. मी दरवर्षी डिसेंबरात यायचो. नाताळात ऑफिस बंद, सुट्टी कमी खर्च व्हायची. डिसेंबरातलं नागपूर तुम्हाला माहीतच आहे. सकाळी स्वेटर, दुपारी कोवळं ऊन, ठेल्यांवर आंबिया बहाराची संत्री, रोज कुणाचं तरी लग्न, सकाळी सातला तर्री पोहा आणि वर आणखी तर्री. आई गोळाभात करणार, वर कडकडीत तेलाची फोडणी. वीस दिवस मी पाहुणा. परत गेलो की जानेवारीतल्या श्टुटगार्टमध्ये बसून याच वीस दिवसांची आठवण काढायचो. म्हणजे इथला सगळ्यात चांगला महिना आणि तिथला सगळ्यात वाईट महिना समोरासमोर ठेवून मी सहा वर्षं तुलना करत होतो. असं केल्यावर कुणीही रडेल.

2017 ला मामेबहिणीचं लग्न मे महिन्यात निघालं, म्हणून पहिल्यांदा उन्हाळ्यात आलो. पारा 45 च्या आसपास. दुसऱ्याच दिवशी दुपारी गॅलरीत खुडबुड ऐकू आली. जाऊन पाहतो तर बाबा स्टुलावर चढून कूलरचं गवत बदलत होते. वय 70, डावा गुडघा दुखरा. मी म्हटलं, "बाबा, मी करतो ना." तर म्हणाले, "तू कशाला आला उन्हात? तुला नाही जमत ते." खरंच जमत नव्हतं, जाळीत गवत सारखं बसवणं ही एक कलाच आहे. मग त्यांनी बादलीनं पाणी भरायला घेतलं, कारण उन्हाळ्यात नळाला तेवढा जोर नसतो. पाच बादल्या भरायच्या होत्या. दुसरीनंतर ते भिंतीला टेकले. चौथीनंतर खाली बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंप बरा चालून राहिला यंदा."

डिसेंबरात हाच कूलर जुनी चादर गुंडाळून कोपऱ्यात उभा असायचा. सहा वर्षं मी त्या चादरीवर टॉवेल वाळत घातला होता. व्हिडिओ कॉलवर बाबा ठणठणीत दिसायचे, कारण ते खुर्चीत बसलेले असायचे. "काय करून राहिला? जेवला का?" एवढं विचारून फोन आईकडे.

तर्री पोह्यांची आठवण मी आणखी दहा वर्षं सहन केली असती. बाबांचं हे थकणं मात्र माझ्या आठवणीत नव्हतंच, ते मला माहीतच नव्हतं. वर्षभरानं, 2018 च्या मे महिन्यात, मी परत आलो.

म्हणून माझं म्हणणं असं, की वर्षं नंतर मोजा, आधी एक सुट्टी मे महिन्यात घ्या, तीन आठवड्यांची. आणि पाहुण्यासारखं राहू नका. आईबरोबर बँकेत जा, बाबांच्या तपासणीला दवाखान्यात बसा, सकाळी नऊला वर्धा रोडवर गाडी चालवा, मिहान आणि हिंगण्याच्या उद्योग वसाहतींत तुमच्या कामाच्या किती नोकऱ्या आहेत आणि पगार काय देतात ते दोन-चार जणांना भेटून विचारा. मला इथे हातात पडणारा पगार तिथल्या निम्म्याहून बराच कमी आहे, हे लपवत नाही. पुणे-हैदराबादला जास्त मिळाला असता, पण मग घरी येण्याला अर्थच उरला नसता. असं राहूनही परत यावंसं वाटलं तर ती ओढ खरी धरा. आणि विमानतळावर परत निघताना मनातून सुटल्यासारखं वाटलं, तर तेही खरंच धरा, त्यात पाप नाही. माझ्या एका मित्राला तसं वाटलं, तो अजून तिकडेच आहे आणि मजेत आहे.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. ब्लू कार्डवर जर्मन बी-1 (भाषेची मधली पातळी) असेल तर 21 महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, कमी भाषा असेल तर 27 महिन्यांनी. तुम्ही 14 वर आहात, तेव्हा बी-1 ची परीक्षा आत्ताच देऊन टाका. परवाना आला की ब्लू कार्डच्या अटींत बसणारीच नोकरी हवी असं राहत नाही, निम्मी घुसमट तिथेच जाते. पण "परवाना घेऊन नागपूरला जाऊ, वाटलं तर परत येऊ" हा हिशेब करू नका. साधारणपणे सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की तो बाद होतो. तिथल्या पेन्शनच्या हक्काला 60 महिने लागतात, मात्र 2017 पासून भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, त्यामुळे पात्रतेसाठी दोन्हीकडचा काळ जोडता येतो. नुसत्या पेन्शनसाठी अडकून बसू नका. पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल. ते "बघू पुढे" म्हणून ठरवायची गोष्ट नाही.

मैत्रिणी म्हणतात तसं थांबायचं असेल तर थांबा, फक्त "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणत थांबू नका. मी हे वाक्य चार वर्षं म्हटलं. आणि परत आल्यावर उलटी आठवण येते, तिची तयारी ठेवा. पहिलं वर्षभर मला तिथला शांत रविवार, वेळेवर येणारी बस आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतला ब्रेडचा वास आठवायचा. मेट्रोसाठी खणलेल्या वर्धा रोडवर धूळ खात उभा असताना तर फारच. मेट्रो 2019 ला सुरू झाली, ती आठवण जायला आणखी वेळ लागला.

मे चं तिकीट काढलंत तर घरी फार आधी सांगू नका. नाहीतर बाबा कूलरचं गवत तुम्ही यायच्या आधीच बदलून ठेवतील.